नाव उकंडा आहे, बदलू का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून मला काय समजलं ते आधी सांगते. तुम्ही सव्वीस वर्षांचे, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, घर दारव्ह्याच्या बाजूला, सध्या खोली नागपुरात मानेवाड्याला. नाव उकंडा. तुमच्याआधीची दोन भावंडं वर्षाच्या आतच गेली, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी आजीने हे नाव ठेवलं; उकंडा म्हणजे उकिरडा. पुण्याच्या तीन कंपन्यांत मुलाखती झाल्या, तिन्हीकडे नावावरून विषय निघाला आणि तिन्हीकडून नंतर काही कळवलं नाही. लग्नाच्या बायोडाटात मावशीने परस्पर ‘उत्कर्ष’ लिहून टाकलं. आता तुमचं विचारणं असं, की राजपत्रात देऊन नाव बदलून घ्यावं का, आणि घेतलं तर ती पळवाट होईल का.

मी चोवीस वर्षं माणसं कामावर घेते. पहिली पंधरा बुटीबोरीच्या एका कारखान्यात काढली, नंतर धरमपेठेत स्वतःचं छोटं प्लेसमेंट ऑफिस टाकलं. त्यामुळे टेबलापलीकडचा माणूस नाव वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालतं, याबद्दल थोडंफार बोलू शकते. तुमचं दुखणं मला ‘नाव वाईट आहे’ हे वाटत नाही. नोकरी कशामुळे हुकली हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही, हे दुखणं आहे. कारण कळलं नाही की सगळा ठपका नावावर जातो, कारण तेच बिचारं सगळ्यात पुढे उभं असतं.

आता एक बघा. उकंडा म्हणजे उकिरडा, हे कळतं कोणाला? तुम्हाला, मला, यवतमाळ-अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला. पुण्यातल्या पंचविशीच्या मुलीला ‘उकिरडा’ कळेल, ‘उकंडा’ कळेलच असं नाही. हैदराबादच्या माणसाला तर काहीच कळणार नाही. तुम्हीच लिहिलंय की पहिल्या मुलाखतीत मॅडमनी वाचलं ‘युगांडा?’ आणि हसल्या. त्या अर्थाला हसल्या नाहीत, स्पेलिंगला हसल्या. अर्थ तर तुम्ही सांगितलात. ‘मग मी त्यांना समजावून सांगितलं की आमच्या घरी लेकरं जगत नव्हती’ हे तुमचंच वाक्य. वीस मिनिटांच्या मुलाखतीत सुरुवातीलाच गेलेल्या भावंडांचा विषय आला, की समोरचा माणूस गडबडतो. त्याला वाईट वाटतं, पुढचा प्रश्न कसा विचारावा ते सुचत नाही, आणि तुम्ही सीएनसी मशीनवर काय काम केलंय ते विचारायचं राहून जातं. मी स्वतः अशी गडबडले आहे, म्हणून सांगते.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्राच्या अगदी शेवटच्या ओळीत आहे, जाता जाता लिहिल्यासारखी: डिप्लोमानंतर दीड वर्ष शेती पाहिली. माझ्या हातात तुमचा रेझ्युमे असता तर माझं बोट नावावर नाही, त्या दीड वर्षावर थांबलं असतं. त्याबद्दल तुम्ही काय उत्तर दिलं ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. आणि एकूण अर्ज किती टाकले तेही नाही. तीस टाकून तीन ठिकाणांहून बोलावणं आलं असेल तर नवशिक्या डिप्लोमावाल्यासाठी ते काही वाईट नाही. नाव वाचूनच तर त्यांनी बोलावलं. तीनशे टाकून तीन आले असतील तर मग वेगळं बोलावं लागेल, आणि तेव्हाही नावाचा नंबर माझ्या यादीत तिसरा-चौथा असेल.

याचा अर्थ नावाचा परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही. होतो, चांगलाच होतो. पण आपल्याला वाटतो तिथे होत नाही.

उच्चाराचंच घ्या. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात दिसलं, की ज्याचं नाव जिभेवर सहज बसतं त्याच्याबद्दल लोकांचं मत जरा बरं होतं. नाव लांब आहे की तोकडं, ओळखीचं की परकं, यापेक्षा ते सहज उच्चारता येतं का याला जास्त महत्त्व होतं. त्या हिशेबाने ‘उकंडा’ सोपं आहे: तीन अक्षरं, एक जोडाक्षर नाही. खरे हाल व्हायचे आमच्या कारखान्यातल्या ज्ञानेश्वरचे. मराठी माणूस इंग्रजीत ‘ज्ञ’ लिहायला डी-एन-वाय लावतो, हिंदीवाला जी-वाय लावतो, आणि आपलं नागपूर अर्धं हिंदी. ठेकेदाराचा माणूस मस्टर वाचताना ‘डन्यानेश्वर’ म्हणायचा, पुढे त्याचा ‘डॅनी’ झाला, आणि वर्षभराने त्याच्या गेटपासवरसुद्धा डॅनी आलं. तो बिचारा नव्या माणसाला नाव सांगताना म्हणायचा, ‘भाऊ, डी सायलेंट है.’ हे नाव म्हणजे आळंदीच्या माउलींचं! अर्थाने त्याहून मोठं नाव कुठून आणणार?

अर्थापेक्षा आधी कानावर पडतो तो नावाचा काळ. शेषराव, उकंडराव, पंचफुला, धुरपता ही एक पिढी. मग अशोक, प्रकाश, निर्मला, आणि आपल्याकडे घरोघरी असलेली बेबी. मग सचिन, स्वप्नील, प्राजक्ता. आता बालवाडीच्या हजेरीत आरव नि विहान. कागदावर उकंडा वाचलं की माझ्या डोळ्यासमोर धोतर-टोपीतला साठीचा माणूस येतो, आणि दारातून सव्वीस वर्षांचा मुलगा आत आला की क्षणभर कागद पुन्हा पाहावासा वाटतो. ‘गाव कोणतं तुमचं?’, ‘वडील काय करतात?’ हे प्रश्न तिथून निघतात. नाव तुमच्याबद्दल फार थोडं सांगतं. ते तुमच्या आजीबद्दल, गावाबद्दल, घरात शिकलेलं कोण होतं याबद्दल सांगतं. ऐकणारा ते सगळं तुमच्या खात्यात जमा करतो, ही गोची आहे.

हे मी दोन्ही बाजूंनी भोगलेलं आहे. माझं माहेरचं नाव पंचफुला, हिंगणघाटचं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘पल्लवी’ लिहिलं गेलं आणि मी पल्लवी झाले. बाई तीच, पण फोनवर ‘पल्लवी बोलतेय’ म्हटलं की पलीकडचा माणूस आपोआप मॅडम म्हणायचा, आणि ‘पंचफुला’ म्हटलं की ‘कोण, मावशी?’ पण शॉप फ्लोअरवर उलटा अनुभव. तिथे माझं जुनं नाव कसं कोण जाणे फुटलं होतं. कामगाराची बायको पगाराची तक्रार घेऊन गेटवर आली की पल्लवी मॅडमशी बोलताना पदर तोंडाशी धरायची. कोणीतरी तिला म्हणायचं, ‘अवो, आपल्या पंचफुलाताई हायेत ह्या,’ की ती सरळ बाकड्यावर बसून पहिल्यापासून सांगायला लागायची, काहून पैसे कापले इथपासून. जे नाव फोनवर मला लहान करायचं, तेच गेटवर कामाला यायचं. तुम्ही सुपरवायझर होणार असाल, हाताखाली पन्नास माणसं असतील, तर उकंडा हे नाव तिथे तोट्याचंच ठरेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता नावाच्या शेपटीकडे येते, म्हणजे आडनावाकडे. तुम्ही ते लिहिलेलं नाही, मी विचारतही नाही. हसणारा माणूस पंधरा दिवसांत हसायचा थांबतो. नाव वाचून जात किंवा धर्म हेरणारा हसत नाही, तो गप्प राहून कागद खाली सरकवतो, आणि नुकसान तिथे होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) माजी अध्यक्ष सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिले होते. शिक्षण सारखं, फक्त नावं वेगळी. २००७ साली ते छापून आलं. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. मला ते वाचून धक्का बसला नाही. आमच्याकडचा एक साहेब गठ्ठ्यातले काही कागद न वाचताच उपडे ठेवायचा, ते मी रोज पाहत होते. शेवटी मी वरच्या दोन ओळींवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर नंबर टाकायला सुरुवात केली. ‘हे काय शाळेचे पेपर तपासून राहिलो काय आपण?’ म्हणून तो चिडला. पण त्या खेपेला त्याने स्वतः निवडलेल्या नंबरची पट्टी काढली तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. तो मुलगा पुढे तिथेच शिफ्ट इन्चार्ज झाला.

‘पळवाट होईल का’ याचं उत्तर नागपुरात राहून मला विचारता, याचंच नवल वाटतं. मानेवाड्याहून दीक्षाभूमी ती किती लांब? १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता, यशोधरा, संघमित्रा आले. आजोबांचं नाव कचरू नाहीतर दगडू, आणि नातू सिद्धार्थ, अशी घरं मी शेकड्याने पाहिली असतील. त्यांच्या नाव बदलण्याला पळवाट म्हणायची कोणाची हिंमत आहे? पण याच गोष्टीची दुसरी बाजूही ऐका: तो उपड्या कागदवाला साहेब ‘सिद्धार्थ’ वाचूनही कागद उपडाच ठेवायचा. नाव बदललं तरी वाचणारा तोच राहिला. म्हणून नाव स्वतःसाठी बदलायचं असेल तर जरूर बदला, समोरच्याच्या डोळ्यांसाठी बदलणार असाल तर हा साहेब लक्षात ठेवा.

नाव-नावातही फरक असतो. साताऱ्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली होती, तब्बल २८५ मुली. ते बदलायलाच हवं होतं, कारण त्या नावाचा अर्थच ‘नको होतीस’. तुमचं नाव अगदी उलट्या कारणाने आलंय. लेकरू जगावं म्हणून त्याला उकिरड्यावर ठेवल्यासारखं करायचं, कोणीतरी उचलून आणल्यासारखं करायचं, नाहीतर पसाभर कोंड्यावर विकत घ्यायचं. उकंडा, कचरू, कोंडिबा ही सगळी त्यातली. दृष्ट लागू नये, मरणाला वाटावं की हे काही मोलाचं नाही. तुमच्या आजीने तुम्हाला लपवून ठेवलं होतं, भाऊ.

तुमचा डिप्लोमा शासनाच्या तंत्रशिक्षण मंडळाचा असणार, पण इथल्या कुठल्याही पदवीधराचं प्रमाणपत्र मागून पाहा. १९२३ साली सुरू झालेल्या नागपूर विद्यापीठाला आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. त्यांचं पाळण्यातलं नाव माणिक. आडकोजी महाराजांनी त्यांना ‘तुकड्या’ म्हटलं, आणि माणिक टाकून त्यांनी तेच घेतलं. तुमच्या शेजारच्या अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव, म्हणजे हातातल्या फुटक्या गाडग्याचं. डेबूजी हे त्यांचं मूळ नाव आता कोणाला आठवतं? एक तुकडा आणि एक गाडगं, विदर्भातल्या दोन मोठ्या विद्यापीठांच्या पाटीवर. अर्थात संतांचं उदाहरण देणं सोपं असतं, त्यांना कोणी टेक्निकल राउंडला बसवत नाही. म्हणून हे मनाला धीर म्हणून घ्या, त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

निर्णयासाठी आधी एक स्वस्तातला प्रयोग करा. पुढचे तीस अर्ज टाकताना पंधरांवर पूर्ण नाव लिहा आणि पंधरांवर नुसतं ‘यू.’ आणि आडनाव. आद्याक्षर लिहिण्यात खोटं काही नाही, कितीतरी लोक लिहितात. एवढ्याशा आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, पण दोन्हीकडून सारखीच शांतता असेल तर निदान तुमच्या मनातला किडा तरी जाईल. त्या दीड वर्षासाठी ‘शेतीतलं पंप-मोटर-ट्रॅक्टरचं काम मी करत होतो’ असं, खरं असेल तर, नीट लिहा. आणि नावाचा अर्थ कोणी विचारलाच तर एक वाक्य: ‘आजीने दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेलं जुनं वऱ्हाडी नाव आहे.’ पुढे बोलायचं नाही. ते वाक्य आरशासमोर चार वेळा म्हणा, तुमचा आवाज शेवटी खाली पडतो का पाहा. तो पडला की समोरच्याला कळतं की इथे काहीतरी लाजण्यासारखं आहे. त्याला तोवर तसं वाटलेलंही नसतं.

एवढं करूनही बदलावंसं वाटलं तर बदला, कायद्याने अडचण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात नाव हा माणसाच्या अभिव्यक्तीचा भाग मानला आहे. प्रतिज्ञापत्र करायचं, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणायचा. अर्ज ऑनलाइन होतो, त्यामुळे कोर्टाच्या बाहेरच्या दलालाला हजारो रुपये देऊ नका. मग आधार, पॅन, बँक, पीएफ, या ओळीने. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून पहिल्या खेपेलाच स्पेलिंग पक्कं करून जा. ‘उत्कर्ष’ असेल तर शेवटी एस-एच की नुसता एस, ते आधी घरी ठरवा. दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला मात्र जुन्याच नावाचे राहतील असं धरून चाला आणि राजपत्राची प्रत जन्मभर त्यांच्यासोबत ठेवा. जातीचा दाखला, जात वैधता किंवा सरकारी भरतीचा फॉर्म यातलं काही सध्या चालू असेल तर ते संपेपर्यंत नावाला हात लावू नका. अर्धी कागदपत्रं एका नावाची आणि अर्धी दुसऱ्या नावाची, ही अवस्था कुठल्याही विचित्र नावापेक्षा वाईट. मी पहिली नोकरी सोडली तेव्हा हिशेबाचा चेक पंचफुलाच्या नावाने निघाला, खातं पल्लवीचं. बँकेतला बाबू चेक उलटसुलट करून म्हणाला, ‘या पंचफुलाबाईंना सोबत घेऊन या ना.’ मी म्हटलं, आल्या आहेत. तो माझ्या मागे पाहायला लागला. ते पैसे हाती यायला पाच महिने लागले.

राहिला बायोडाटा. लग्नाच्या बाजारात तुमचं नाव खरंच जड जाईल, कारण तिथे समोरची माणसं आपल्याच भागातली, त्यांना अर्थ बरोबर कळतो. शिवाय ‘यांच्या घरी लेकरं जगत नव्हती’ हेही त्यांना न सांगता कळतं, आणि मुलीच्या आईचा जीव तिथे अडकतो. त्यावर ‘उत्कर्ष’ हा उपाय नाही. पाहुणे गावात चौकशी करणारच, आणि पारावर बसलेला पहिला म्हातारा म्हणेल, ‘उत्कर्ष? असा कोणी नाही जी इथं. आपला उकंडा म्हणता काय?’ तिथून पुढे प्रश्न नावाचा राहत नाही, अजून काय काय लपवलंय याचा होतो. तेव्हा राजपत्राचं काय करायचं ते सावकाश ठरवा, पण मावशीला आजच फोन लावा आणि तो बायोडाटा ज्या ज्या ग्रुपवर टाकलाय तिथून काढायला सांगा. चार दिवस रुसेल. नव्या बायोडाटात उकंडाच लिहा, आणि तुमचा फोटो तेवढा जरा मोठा लावा.